लिओ वराडकर निवडणूक न जिंकता नगरसेवक कसे झाले?

खानापूरचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये समाजविज्ञान शिकवतो. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अभ्यासमंडळ भरते आणि या वेळी आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांची राजकीय वाटचाल हा विषय माझ्या गळ्यात पडला आहे. विषय सुचवणाऱ्या काकांचे म्हणणे असे की, मालवण तालुक्यातील वराड गावचा नातू युरोपातल्या एका देशाचा पंतप्रधान झाला, एवढे सांगितले तरी टाळ्या पडतील. टाळ्या पडतील यात शंका नाही. परंतु त्यानंतरच्या पन्नास मिनिटांत मी काय बोलावे, ही माझी अडचण आहे.

चरित्राचा सांगाडा मी जमवला आहे. वडील अशोक वराडकर हे मुंबईचे डॉक्टर, आई मिरियम आयर्लंडमधील डंगार्वनच्या परिचारिका. जन्म १८ जानेवारी १९७९, डब्लिन. ट्रिनिटी कॉलेजात आधी कायद्याला प्रवेश आणि मग वैद्यकीय शिक्षण. त्यातील प्रशिक्षणाचा काही काळ मुंबईच्या केईएम रुग्णालयात. इथपर्यंत ठीक आहे. पुढे मात्र तीन ठिकाणी माझी गाडी अडते. वयाच्या विसाव्या वर्षी, १९९९ साली, ते मलहडर्ट प्रभागातून स्थानिक निवडणूक लढले आणि हरले. तरीही २००३ साली, मधे कोणतीही निवडणूक झालेली नसताना, ते फिंगल काउंटी कौन्सिलचे, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेचे, सदस्य झालेले दिसतात. हे कसे घडले? दुसरे असे की, २०१७ साली पक्षाच्या सामान्य सभासदांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला भरघोस मते दिली असूनही पक्षनेते वराडकरच झाले. आणि तिसरे, २०२० साली ते पंतप्रधानपदावर असताना 'पाचव्या फेरीत' निवडून आले, असे वाचले. आपल्याकडे मतमोजणीच्या फेऱ्या वीस-वीस होतात, तेव्हा पाचव्या फेरीत निवडून येण्याचे कौतुक किंवा नामुष्की नेमकी कशाची, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी मदत करावी.

टिळकवाडीचा जुना कारकून

मास्तर, आपला पहिला प्रश्न माझ्या आवडीचा आहे, कारण माझी उभी हयात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या फायलींत गेली. आपल्याकडे एखाद्या नगरसेवकाची जागा रिकामी झाली की त्या प्रभागात पोटनिवडणूक लागते. आयर्लंडच्या स्थानिक संस्थांत पोटनिवडणूक हा प्रकारच नाही. ज्या पक्षाच्या सदस्याची जागा रिकामी झाली, त्याच पक्षाने सुचवलेल्या व्यक्तीला उरलेल्या सदस्यांनी सभागृहात सामावून घ्यायचे, अशी तेथील रीत आहे. कॅसलनॉक प्रभागातील फिना गेल पक्षाच्या शीला टेरी या सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, सदस्य होत्या. त्यांची कौन्सिलमधील जागा रिकामी झाली आणि पक्षाने तेथे वराडकरांचे नाव दिले. याला आपल्याकडच्या स्वीकृत किंवा नामनियुक्त नगरसेवकाच्या मापाने मोजू नये. आपल्या महापालिकेत सरकारने नेमलेला सदस्य सभागृहात बसतो, बोलतो, पण त्याला मत नसते. फिंगलमध्ये असा सदस्य पूर्ण हक्काचा असतो, मतदानासह.

या गोष्टीला आणखी एक पार्श्वभूमी आहे आणि ती आपल्या भागातील श्रोत्यांना फार लवकर कळेल. तोवर आयर्लंडमध्ये एकच माणूस खासदारही असे आणि काउंटी कौन्सिलचा सदस्यही असे. २००३ च्या कायद्याने ही दुहेरी सदस्यता बंद केली आणि २००४ च्या स्थानिक निवडणुकांपासून खासदार व सिनेटरांना कौन्सिलची दारे मिटली. वर्षानुवर्षे दोन्ही खुर्च्या अडवून बसलेल्या ज्येष्ठांना एक खुर्ची सोडावी लागली आणि देशभर नव्या चेहऱ्यांना वाट मिळाली. आपल्याकडे याच्या अगदी उलट स्थिती आहे. बेळगावच्या महापौराची निवड ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, त्या दिवशी ५८ नगरसेवकांच्या बरोबरीने शहराचे आमदार आणि खासदारही हात वर करतात. हे चांगले की वाईट, या वादात मी शिरत नाही. मात्र कुंपण कोठे घातले यावर नव्या माणसाची संधी ठरते, एवढे मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिले आहे.

तेव्हा ते मागच्या दाराने आले, असे कोणी म्हटले तर ते २००३ पुरते खरे मानावे. पुढच्याच वर्षी, २००४ साली, त्यांनी त्याच कॅसलनॉकमधून निवडणूक लढवली आणि पहिल्या पसंतीची ४,८९४ मते मिळवून ते पहिल्याच फेरीत निवडून आले. त्या वर्षी देशातील कोणत्याही स्थानिक उमेदवाराला इतकी मते पडली नव्हती. त्यांच्या वडिलांचा दवाखाना शेजारच्या ब्लँचर्ड्सटाउनमध्ये होता, हे लक्षात घ्यावे. दवाखान्याच्या बाकावर बसून वाढलेल्या ओळखी आणि डॉक्टरांचा मुलगा ही खूण, यांचे मोल शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत मते मागत फिरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. फिंगलचे सदस्य होते म्हणजे त्यांनी तेथे रस्ते बांधले, नळ आणले, असे भाषणात ठोकून देऊ नका. आयरिश कौन्सिलच्या सदस्यांच्या हाती कमी अधिकार असतात. रोजचा कारभार तेव्हा काउंटी मॅनेजर नावाचा अधिकारी पाहत असे, आपल्याकडे आयुक्त पाहतात तसाच. सभागृहाकडे मुख्यतः अंदाजपत्रक आणि जमिनीच्या वापराचा विकास आराखडा उरतो. जेमतेम चार वर्षांच्या त्या सदस्यत्वातून त्यांनी कमावली ती मतदारांची ओळख. आणि २००७ साली डब्लिन वेस्टमधून संसदेत, म्हणजे 'डॉल'मध्ये, जाण्यासाठी तीच कामी आली.

शहापूरची पदवीधर मतदार

फेऱ्यांचे कोडे मी सोडवते. मास्तर, आपण शिक्षक असल्यामुळे वायव्य शिक्षक मतदारसंघात आपण मतदान केलेच असेल. तेथे यंत्र नसते. हातात लांब मतपत्रिका आणि केंद्रावरच दिलेले जांभळे स्केचपेन येते. स्वतःच्या खिशातले पेन चालत नाही, आणि बरोबरची खूण केली तर मत बाद होते. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडेच घालायचे असतात. आयर्लंडमध्ये ग्रामीण कौन्सिलपासून संसदेपर्यंत प्रत्येक निवडणूक अशीच, कागदावर आकडे घालून होते. फरक इतकाच की, आपल्या शिक्षक मतदारसंघातून एक आमदार निवडायचा असतो आणि तेथे प्रत्येक मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच खासदार निवडायचे असतात. आपल्या राज्यसभेची निवडणूकही याच रीतीने होते.

निवडून येण्यासाठी ठरावीक कोटा गाठावा लागतो. एकूण वैध मते घ्यायची, त्यांना जागांपेक्षा एक जास्त आकड्याने भागायचे आणि आलेल्या पूर्णांकात एक मिळवायचा. चार जागा आणि १०० मते असतील तर कोटा २१. ज्याने कोटा ओलांडला तो निवडून आला, आणि त्याची जादा मते त्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. कोणीच कोटा गाठला नाही तर सर्वांत तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीला वाटायच्या. अशा प्रत्येक वाटपाला तेथे 'काउंट' म्हणतात आणि आपण वाचलेली 'फेरी' ती हीच. आपल्याकडील फेरी म्हणजे टेबलावर आलेल्या यंत्रांची पुढची खेप, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

आता २००४ आणि २०२० शेजारी ठेवून पाहा. २००४ साली कॅसलनॉकच्या मतदारांनी त्यांना इतक्या पहिल्या पसंती दिल्या की दुसऱ्या कोणाच्या मतांची वाट पाहावी लागली नाही. २०२० साली, पंतप्रधान असताना, चार जागांच्या डब्लिन वेस्टमध्ये पहिल्या पसंतीत शिन फेन पक्षाचे पॉल डॉनेली त्यांच्या पुढे होते, आणि वराडकरांना इतरांकडून वाटत आलेल्या मतांच्या आधाराने पाचव्या वाटपात कोटा गाठावा लागला. पदावर असलेला पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात पहिल्या पसंतीत मागे पडण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. नामुष्की आहे ती एवढीच. ते पडले नाहीत, हेही तितकेच खरे.

जाता जाता, आपल्या श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट. याच डब्लिन वेस्टमध्ये २००२ साली मतदान यंत्रांचा प्रयोग झाला होता. पुढे यंत्रांच्या विश्वासार्हतेवर इतके आक्षेप निघाले की २००९ साली सरकारने ती योजनाच गुंडाळली आणि कोट्यवधी युरोंची यंत्रे शेवटी भंगारात निघाली. आजही मतपेट्या उघडताना कठड्यापलीकडे पक्षांचे कार्यकर्ते पेन्सिल-कागद घेऊन उभे असतात आणि सरकारी मोजणीच्या आधीच पहिल्या पसंतींचा हिशोब लावून मोकळे होतात.

खानापूरचा मास्तर

ताई, जांभळ्या स्केचपेनमुळे डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आपले आभार. टिळकवाडीच्या काकांचेही आभार. 'डॉक्टरांचा मुलगा' हा मुद्दा मी घेणार आहे. २०१७ चे कोडे मात्र अजून उरले आहे.

वडगावची वाचक

२०१७ चे गणित मी मांडते, कारण ते मांडल्याशिवाय या माणसाचे राजकारण समजत नाही. फिना गेल पक्षात नेतेपदाच्या मताला वजने लावलेली होती: संसदीय पक्षाला ६५ टक्के, सामान्य सभासदांना २५ टक्के आणि स्थानिक कौन्सिलच्या सदस्यांना १० टक्के. सभासदांच्या मतांत प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना सुमारे ६५ टक्के आणि वराडकरांना ३५ टक्के मते पडली. पण ७३ जणांच्या संसदीय पक्षापैकी ५१ जण वराडकरांच्या बाजूने होते आणि कौन्सिल सदस्यांतही त्यांना १२३ विरुद्ध १०० अशी सरशी मिळाली. वजने लावून बेरीज केली की निकाल ६० विरुद्ध ४० होतो. २ जून २०१७ रोजी ते पक्षनेते झाले आणि १४ जूनला डॉलने ५७ विरुद्ध ५० मतांनी त्यांना 'टीशॉक', म्हणजे पंतप्रधान, म्हणून निवडले. ४७ सदस्य तटस्थ राहिले. वय ३८. सरकार अल्पमतातले होते आणि फिआना फॉल या विरोधी पक्षाच्या तटस्थतेवर तगून होते, हेही त्या श्रोत्यांना सांगा.

आता थोडे कडू बोलते. आपल्याकडे हा माणूस 'आपला' म्हणून मिरवला जातो आणि त्याने काय केले ते कोणी विचारत नाही. २०१० साली पक्षनेते एन्डा केनी यांच्याविरुद्धच्या फसलेल्या बंडात ते बंडखोरांबरोबर होते. तरीही २०११ साली पंतप्रधान झाल्यावर केनींनी त्यांना वाहतूक, पर्यटन व क्रीडा खाते दिले. २०१४ च्या मार्चमध्ये पोलीस दलातील गैरप्रकार उघड करणाऱ्या दोघांविषयी पोलीस आयुक्तांनी वापरलेला 'किळसवाणे' हा शब्द त्यांनी मागे घ्यावा, असे वराडकरांनी मंत्री असताना जाहीरपणे सांगितले. स्वतःच्या सरकारला अडचणीत आणणारे हे बोलणे मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे वाटते. आरोग्यमंत्री असताना, जुलै २०१५ पासून, सहा वर्षांखालील मुलांची डॉक्टरकडील तपासणी मोफत झाली. त्याच वर्षी १८ जानेवारीला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले, आणि मे महिन्यात समलिंगी विवाहाच्या बाजूने सार्वमताचा कौल लागला. आपल्या अभ्यासमंडळात ज्येष्ठ मंडळी असतील म्हणून हे वाक्य गाळू नका, मास्तर. हे गाळून सांगितलेले चरित्र अर्धवट राहील.

दुसरी बाजूही तितकीच आहे. समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना, एप्रिल २०१७ मध्ये, सरकारी अनुदान लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जी जाहिरात मोहीम चालवली, तिने गरिबांकडे संशयाने पाहायला शिकवले, अशी टीका झाली आणि मला ती पटते. पंतप्रधान असताना घरांच्या टंचाईने तरुणांचे कंबरडे मोडले; २०१९ साली दहा हजारांहून अधिक माणसे तात्पुरत्या सरकारी निवाऱ्यात होती. त्याच वर्षी डॉक्टरांच्या एका संघटनेशी सरकारने केलेल्या कराराचा मसुदा त्यांनी प्रतिस्पर्धी संघटनेच्या प्रमुखाला, जो त्यांचा मित्र होता, दिला. चौकशीअंती २०२२ साली खटला न भरण्याचा निर्णय झाला, पण डाग राहिला. २०२० च्या निवडणुकीत फिआना फॉलला ३८, शिन फेनला ३७ आणि फिना गेलला ३५ जागा मिळाल्या. त्यांच्या पक्षाची तिसऱ्या क्रमांकावर घसरण झाली ती एका रात्रीत झालेली नव्हती.

निपाणीकर

वडगावच्या ताईंनी सीमेचा विषय सोडला, तो मी उचलतो, कारण निपाणीत राहून सीमेविषयी गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही. मी आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला तंबाखूच्या व्यवहारासाठी जातो. कोगनोळीचा नाका आणि दूधगंगेचा पूल मागे पडला की राज्य बदलते. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, माणसे तीच राहतात. एरवी जाणवतही नाही. पण २०२१ साली कोरोनाच्या काळात त्याच नाक्यावर चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय गाडी पुढे जात नव्हती, आणि सासर कागलला असलेल्या आमच्या बहिणीला पाऊण तासाच्या वाटेसाठी दोन दिवस आधी नाकात काडी घालून घ्यावी लागे. आपल्या रोजच्या रस्त्यावर अचानक बांबू आडवा आला की कसे वाटते, ते तेव्हा कळले.

आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड यांच्यातील सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि दोनशेहून अधिक रस्ते ती ओलांडतात. १९२१ पासून ही रेघ आहे. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तेथील लष्करी चौक्या उठल्या. जकातीची ठाणी त्याआधीच, युरोपची बाजारपेठ एक झाल्यावर, गेली होती. ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि हीच रेघ संघाची बाह्य सीमा होणार, असे संकट उभे राहिले. वराडकर पंतप्रधान झाले ते नेमक्या या वेळी. त्यांनी एकच हट्ट धरला, की काहीही ठरवा, पण त्या रस्त्यांवर पुन्हा नाका उभा राहता कामा नये. डिसेंबर २०१७ मध्ये ब्रिटन आणि संघ यांच्या संयुक्त अहवालात तशी हमी लिहून घेण्यात आली.

एक प्रसंग तुम्ही भाषणात घ्याच, मास्तर. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रुसेल्सला युरोपीय नेत्यांच्या जेवणाच्या वेळी वराडकर 'आयरिश टाइम्स'चा अंक घेऊन गेले. त्यात ऑगस्ट १९७२ मध्ये न्यूरी येथील जकात ठाण्यात झालेल्या बॉम्बस्फोटाची कहाणी होती. नऊ माणसे त्यात मेली होती. जकात ठाणे म्हणजे टेबल, शिक्का आणि पावती, असे समजणाऱ्या नेत्यांपुढे त्यांनी ते पान ठेवले. पुढे १० ऑक्टोबर २०१९ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी इंग्लंडमधील विरल येथे भेट झाली, तिच्यातून तडजोडीची वाट निघाली आणि तपासणी जमिनीवरून उचलून ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधील समुद्राकडे, बंदरांवर, गेली. उत्तर आयर्लंडमधील ब्रिटनवादी मंडळी त्यावरून आजही त्यांना शिव्या घालतात. त्यांच्या दृष्टीने नाका गेला नाही, फक्त दुसऱ्या बाजूला सरकला.

तेवढ्यासाठी मात्र आपल्या सीमाप्रश्नाशी त्याची मोट बांधू नये. आपली मागणी १९५६ च्या पुनर्रचनेत ज्या राज्यात गेलो तेथून निघण्याची आहे आणि २००४ पासून ती सर्वोच्च न्यायालयात आहे. वराडकरांनी रेघ हलवण्याची खटपट केली नाही, ती माणसांना जाचू नये एवढेच पाहिले. आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीतील एका ज्येष्ठांना हे मी सांगितले तर ते म्हणाले, "म्हणजे तो आपला नव्हे." मी वाद घातला नाही, चहा गार होत होता.

टिळकवाडीचा जुना कारकून

शेवट राहिला म्हणून पुन्हा लिहितो. २०२० च्या निवडणुकीनंतर काळजीवाहू पंतप्रधान असताना कोरोना आला. त्यांनी मार्चमध्ये डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एक पाळी काम पत्करले. जूनमध्ये तीन पक्षांचे सरकार झाले. आधी फिआना फॉलचे मायकल मार्टिन आणि १७ डिसेंबर २०२२ पासून पुन्हा वराडकर, अशी पंतप्रधानपदाची वाटणी झाली. आपल्याकडे अशी वाटणी ठरते ती बहुधा दुसऱ्याच्या पाळीपर्यंत टिकत नाही. तेथे ती तारीखवार पाळली गेली. ८ मार्च २०२४ ला कुटुंब आणि घरातील शुश्रूषा या विषयांवरील दोन्ही सार्वमते सरकार हरले, त्यातील एकात तर सुमारे ७४ टक्के मते विरोधात गेली. २० मार्चला त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले, ९ एप्रिलला त्यांच्या जागी सायमन हॅरिस पंतप्रधान झाले, आणि त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत वराडकर उभेच राहिले नाहीत. वय पंचेचाळीस. आपल्याकडे त्या वयात युवा आघाडीचे अध्यक्षपद मिळते.

खानापूरचा मास्तर

सर्वांना नमस्कार. अभ्यासमंडळ काल पार पडले. टाळ्या पडल्या, पण न्यूरीच्या वर्तमानपत्राचा प्रसंग सांगितला तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली ती माझ्या जास्त लक्षात राहिली. निपाणीकरांचे विशेष आभार.

त्याआधी आठवीच्या वर्गात मी मतमोजणीची रंगीत तालीम घेतली, ती सांगण्यासारखी आहे. तीन वर्गप्रतिनिधी, पाच उमेदवार आणि ४१ चिठ्ठ्या; म्हणून कोटा ११. पहिल्या पसंतीची मते पडली १४, ९, ८, ६ आणि ४. पहिला मुलगा निवडून आला आणि त्याची तीन मते जादा ठरली. त्याच्या चौदाही चिठ्ठ्या पाहिल्या, तर नऊंवर दुसरी पसंती चौथ्या क्रमांकावरील मुलीला होती आणि पाचांवर दुसऱ्या क्रमांकावरील मुलाला. त्या प्रमाणात तिला दोन मते गेली आणि त्याला एक. मग तळाच्या उमेदवाराच्या चार चिठ्ठ्या वाटल्या, त्यांतील तीन पुन्हा तिला आणि एक त्याला. दोघेही बरोबर अकरावर पोहोचले. आठ मते घेऊन तिसरा असलेला मुलगा जागच्या जागी राहिला आणि घरी बसला. त्याने उभे राहून मला विचारले, "सर, मला आठ पडली होती आणि तिला सहाच, मग हे कसे?" मी त्याच्या हातात सगळ्या चिठ्ठ्या दिल्या आणि पुन्हा मोजायला सांगितले. त्याने मधल्या सुट्टीत मोजल्या. आकडा तोच आला, राग मात्र गेलेला नाही.

आता नवीनच पेच आहे. निवडून आलेल्या तिघांतील एकाच्या वडिलांची बदली कोल्हापूरला झाली आहे आणि तो जूनमध्ये शाळा सोडणार. आठ मतांचा मुलगा आतापासूनच माझ्याकडे फिंगलच्या नियमाने जागा मागतो आहे. वर्गात पक्ष नसल्यामुळे तो नियम लागू होत नाही, पोटनिवडणूक घ्यावी लागेल, असे मी त्याला सांगितले आहे.